मुलाखतीची तारीख आणि प्रवासाचे तिकीट



या व्यासपीठावरून आपण इतिहास ऐकता, तत्त्वज्ञान ऐकता, कधी नक्षत्रांविषयीही ऐकता. आज विमानाच्या तिकिटाविषयी ऐकावयाचे आहे. पत्रिकेतला विषय वाचून काही मंडळींना नवल वाटले असेल, की कामगार संघटनेच्या माणसाने अमेरिकेच्या व्हिसावर बोलायचे कारण काय? कारण एवढेच, की माणसाला जो कागद समजत नाही तो घेऊन तो आमच्या कचेरीत येतो. पूर्वी भविष्यनिर्वाह निधीचे फॉर्म येत, रेशनकार्डे येत, कोर्टाची समन्से येत. ती अजूनही येतात. पण गेली काही वर्षे त्यांच्या जोडीला मुलीच्या, सुनेच्या व्हिसाचे कागद येऊ लागले आहेत. यंत्रमागापाशी उभ्या राहिलेल्या बापाची मुलगी शिकते, परिचारिका होते, बँकेत लागते, तिचे लग्न अमेरिकेत नोकरी करणाऱ्या मुलाशी होते, आणि मग घरात एक प्रश्न सुरू होतो : जायचे केव्हा?

आमचे शाळेतले शिक्षण आठवीला थांबले. पुढले इंग्रजी आम्ही कराराची कलमे आणि न्यायालयांचे निकाल, मांडीवर शब्दकोश घेऊन, वाचता वाचता शिकलो. कलम वाचायची भीती एकदा गेली की ते कोणत्या देशाचे आहे याने फार फरक पडत नाही. व्हिसा मिळवून देण्याची युक्ती सांगायला आम्ही उभे नाही, आणि वकिलाची जागाही आम्हांला घ्यायची नाही. आम्ही बोलणार आहोत ते तारखांविषयी. मुलाखतीच्या आधी काय ठरवावे, काय ठरवू नये, नोकरी केव्हा सोडावी, तिकीट केव्हा काढावे, एवढाच विषय. यात 'बायको' असा शब्द वारंवार येईल. पण बायको तिकडे आणि नवरा इकडे अशीही जोडपी आहेत, त्यांनी शब्द उलटे करून घ्यावेत.

प्रथम रस्ता कसा आहे तो पाहू. लग्न झाले म्हणजे बायकोने विमानात बसावे, असे नाही. तिकडे असलेल्या नवऱ्याने तेथल्या स्थलांतर खात्याकडे अर्ज करायचा. त्याला आय-१३० म्हणतात. हे लग्न खरे आहे आणि ही माझी पत्नी आहे, एवढेच त्यात सिद्ध करायचे असते. तो मंजूर झाला की प्रकरण राष्ट्रीय व्हिसा केंद्राकडे जाते. हे केंद्र न्यू हॅम्पशायर राज्यातल्या पोर्ट्समथ गावी आहे. तेथे फी भरायची, डीएस-२६० नावाचा लांबलचक फॉर्म भरायचा, जन्माचा दाखला, विवाह नोंदणीचा दाखला, पासपोर्ट कार्यालयाकडून मिळणारा पोलिसांचा दाखला हे सारे पाठवायचे. आणि नवऱ्याने, मी हिला पोसू शकतो, असे प्रतिज्ञापत्र मिळकतीच्या कागदांसह द्यायचे. कागद पुरे आहेत असे केंद्राने म्हटले, म्हणजे मग मुलाखतीच्या रांगेत नाव लागते. आपल्या भागातल्या माणसाची मुलाखत मुंबईला, वांद्रे-कुर्ला संकुलातल्या वकिलातीत होते. ही वकिलात २०११ साली ब्रीच कँडीच्या जुन्या वाड्यातून तेथे गेली. आमच्याकडे येणाऱ्या वडीलधाऱ्यांपैकी काहींच्या डोक्यात अजून ब्रीच कँडीच आहे, म्हणून हे मुद्दाम सांगितले.

या रस्त्यावर दोन प्रकारचे वाटसरू असतात. नवरा अमेरिकेचा नागरिक असेल तर बायकोला वार्षिक संख्येची मर्यादा नाही; कागद पुरे झाले की तिचा नंबर लागतो, उशीर होतो तो कचेरीच्या कामाचा. नवऱ्याजवळ नुसते ग्रीन कार्ड असेल तर मात्र बायको एका मोजक्या संख्येच्या रांगेत उभी राहते आणि दर महिन्याला प्रसिद्ध होणाऱ्या पत्रकात आपली तारीख आली काय हे पाहावे लागते. ही रांग जुलै २०१९ पासून मार्च २०२३ पर्यंत मोकळी होती. थांबायचे कारण नव्हते. एप्रिल २०२३ च्या पत्रकात तिला पुन्हा तारीख लागली. मार्चमध्ये 'आता महिन्या-दोन महिन्यांत निघायचे' म्हणणाऱ्या माणसाला एप्रिलमध्ये कळले की आपण रांगेत आहोत. त्याने काही चूक केली नव्हती. त्याचे कागदही चोख होते. अधल्यामधल्या काळात नवरा नागरिक झाला तर बायको पहिल्या वर्गात येते आणि रांग सुटते. पण मूल असेल तर तेथे एक मेख आहे. ग्रीन कार्डवाल्याच्या बायकोबरोबर मुलाचे नाव त्याच प्रकरणात चालते, नागरिकाच्या बायकोबरोबर ते चालत नाही. मुलासाठी वेगळा अर्ज लागतो. आनंदाचे पेढे वाटण्याआधी हे पाहून घ्यावे.

आता मुलाखतीच्या पत्राकडे येऊ. हे पत्र घरी येते, म्हणजे हल्ली ते संगणकावर येते, आणि घरचे वातावरणच बदलते. पत्रात तारीख असते. इतके महिने कोणी तारीख सांगत नव्हते, आता सांगितली. साहजिकच माणसाला वाटते की ही जाण्याची तारीख आहे. येथेच सारा घोटाळा होतो. ती जाण्याची तारीख नाही. ती विचारण्याची तारीख आहे.

आम्ही उभा जन्म वाटाघाटीच्या टेबलावर घालवला. मालक बैठकीत हसून म्हणतो, 'तुमची मागणी रास्त आहे, पाहू.' नवा कार्यकर्ता धावत फाटकावर जातो आणि गुलाल उधळतो. जुना कार्यकर्ता फाटकावर जात नाही. तो करार टंकून येण्याची, त्यावर सह्या होण्याची आणि त्याची प्रत हातात पडण्याची वाट पाहतो. कारण 'रास्त आहे' आणि 'मान्य आहे' यांत किती महिने जातात हे त्याने पाहिलेले असते. व्हिसाच्या मुलाखतीचे अगदी असेच आहे. खिडकीपलीकडचा अधिकारी 'तुमचा व्हिसा मंजूर आहे' असे म्हणाला तरी त्या क्षणी तुमच्या हातात काही नसते. उलट पासपोर्टसुद्धा त्याच्याकडे राहिलेला असतो. तो व्हिसा छापून परत येईपर्यंत काही दिवस जातात, कधी जास्त जातात. आणि दुसरी गोष्ट अशी घडते की अधिकारी एक कागद देतो, त्यावर २२१(जी) असे कलम लिहिलेले असते. त्याचा अर्थ कायमचा नकार नव्हे, होकारही नव्हे. एखादा कागद कमी आहे, किंवा पुढची चौकशी व्हायची आहे. कागद कमी असेल तर तो देऊन प्रकरण पुढे सरकते. चौकशी असेल तर ती आठवड्यांत संपते किंवा महिने घेते, आणि किती घेईल हे विचारून उत्तर मिळत नाही. विचारू नये असे आम्ही म्हणत नाही, विचारावे. पण त्या उत्तरावर मंगल कार्यालय ठरवू नये.

हे आमचेच शहाणपण आहे असे समजू नका. अमेरिकेचे परराष्ट्र खाते स्वतःच अर्जदारांना बजावते, की व्हिसा प्रत्यक्ष हातात पडल्याखेरीज घर विकू नका, गाडी विकू नका, नोकरीचा राजीनामा देऊ नका, आणि परतावा न मिळणारे तिकीट काढू नका. ज्याच्या हातात निर्णय आहे तोच इतक्या स्पष्टपणे सांगतो, आणि तरी आपली माणसे राजीनामे देतात. का देतात, हे पाहिले पाहिजे.

काही वर्षांपूर्वी आमच्या एका सभासदाची मुलगी एका खाजगी रुग्णालयात परिचारिका होती. सव्वाचार वर्षे नोकरी झाली होती. मुलाखतीचे पत्र आले. रुग्णालयाचा नियम दोन महिन्यांच्या नोटिशीचा. घरच्यांनी हिशेब केला, की मुलाखतीनंतर लगेच निघायचे तर नोटीस आजच दिली पाहिजे. नाहीतर नवरा तिकडे एकटा आणि आपण इकडे नोटिशीचे दिवस मोजत बसणार. हिशेबात चूक नव्हती, फक्त तो वेगळ्याच तारखेवर बांधलेला होता. तिकीटही काढले, स्वस्तातले, म्हणजे रद्द केले तर काही हाती न लागणारे. मुलाखत झाली आणि तिला तो कागद मिळाला. पुढची चौकशी नऊ महिने चालली. तिने पुन्हा कामावर घ्या म्हणून अर्ज केला, तर जागा भरली गेली होती. स्वीकारलेला राजीनामा परत घेण्याची मालकाला सक्ती नसते, हे मालक लोक चांगले जाणून असतात. ती आमच्याकडे आली तेव्हा हातात काही करण्यासारखे राहिले नव्हते. १९७२ च्या ग्रॅच्युइटी कायद्याने पाच वर्षे सलग नोकरीचा दंडक घातला होता. ती कामावर राहिली असती तर व्हिसा येईपर्यंत पाच वर्षे पुरी झाली असती आणि दर वर्षाला पंधरा दिवस याप्रमाणे पंचाहत्तर दिवसांचे वेतन पदरात पडले असते. त्यावर नऊ महिन्यांचा पगार गेला, तिकीट गेले. आणि बाप आम्हांला म्हणाला, 'पैशाचे जाऊ द्या, पण पोरगी नऊ महिने जिन्याखाली उतरत नव्हती. खाली कोणी भेटले की विचारत, अजून इथंच?'

२१ नोव्हेंबर २०२५ पासून जुने कामगार कायदे जाऊन संहिता आल्या. कायम कामगाराला पाच वर्षांचा दंडक सामाजिक सुरक्षेच्या संहितेतही आहे. ठराविक मुदतीच्या नेमणुकीवरच्या कामगाराला मात्र एक वर्षाने हक्क पोचतो. तेव्हा आपल्या मुलीची नेमणूक कोणत्या प्रकारची आहे हे नेमणुकीच्या पत्रात पाहा. आणि नोटिशीचे काय? नोटिशीचे दिवस वेतन भरून देऊन कमी करता येतात काय, शिल्लक रजेतून वळते करता येतात काय, हे पत्रातल्या कलमात असते. नसेल तर मागून घेता येते. व्हिसा मिळाल्यावर निघायला साधारणतः महिने असतात, दिवस नव्हेत, ते आम्ही पुढे सांगू. दोन महिन्यांची नोटीस त्या मुदतीत सहज बसते. मुलाखतीसाठी चार दिवसांची रजा पुरे. आपल्या सोलापूरहून सिद्धेश्वर एक्स्प्रेसने रात्री निघाले की सकाळी मुंबई. पण बोटांचे ठसे देण्यासाठी मुलाखतीआधी वेगळी वेळ घ्यावी लागते, आणि वैद्यकीय तपासणीची खेप निराळी. म्हणून रजा तुकड्या-तुकड्यांनी मागावी आणि कारण लिहिताना 'वैयक्तिक काम' एवढेच लिहावे. वरिष्ठाला आधीच अमेरिकेची बातमी सांगितली की बढतीच्या यादीतून नाव कसे गळते, हे आम्हांला ठाऊक आहे.

तिकडच्या नवऱ्याचीही बाजू आहे. आपल्याकडे १९४८ च्या कारखाना कायद्याने वीस दिवसांच्या कामाला एक दिवस पगारी रजा बांधून दिली. अमेरिकेसारख्या श्रीमंत देशात पगारी रजा दिलीच पाहिजे असा केंद्राचा कायदा आजही नाही. मालक देईल ती रजा. मुलगा दोन वर्षे दिवस साठवतो आणि मुलाखतीच्या आठवड्यात इकडे येतो, बायकोला हात धरून घेऊन जाण्यासाठी. हौस आम्हांला समजते. पण मुलाखतीला त्याची हजेरी आवश्यक नसते, आणि व्हिसा छापून येण्याच्या आतच त्याची रजा संपते. तो एकटाच परत जातो, आणि मग ती पोचते तेव्हा तिला घर लावून द्यायला, बँकेत, कचेरीत घेऊन जायला त्याच्याजवळ एकही दिवस उरत नाही. आमचे म्हणणे असे, की त्याने रजा तिच्या पोचण्यासाठी राखावी. परक्या गावातला पहिला आठवडा हा मुलाखतीच्या दिवसाहून अवघड असतो.

आता वैद्यकीय तपासणी. वकिलातीने नेमलेल्या डॉक्टरांकडेच ती करावी लागते आणि मुलाखतीपूर्वी करावी लागते. लसी पाहतात, रक्त पाहतात, छातीचा फोटो काढतात. या फोटोकडे आपल्या गावाने जरा लक्ष द्यावे. यंत्रमागाच्या खोलीत, विड्यांच्या तंबाखूत, दाटीच्या वस्तीत वाढलेल्या माणसांना क्षयरोग परका नाही. लहानपणी होऊन बरा झालेला असतो, त्याचा वण फोटोत दिसतो. डॉक्टरला शंका आली की थुंकी तपासायची; तीन दिवसांचे नमुने घ्यायचे आणि त्यांतून जंतू वाढतात काय हे पाहायचे. या परीक्षेला आठ आठवडे लागतात. डॉक्टर कितीही भला असला तरी जंतूंना घाई करता येत नाही. रोग निघालाच तर उपचार पुरे झाल्याशिवाय जाता येत नाही. म्हणून ज्यांच्या घरी जुना आजार आहे त्यांनी जुने फोटो, जुनी केसपेपरे, औषधाचा कोर्स पुरा केल्याचा दाखला हे आधीच शोधून ठेवावे आणि तपासणी मुलाखतीच्या आदल्या दिवसावर टाकू नये. आजार लपवू तर नयेच, फोटो बोलतो. बाई गरोदर असेल तर छातीचा फोटो पोटावर आवरण घालून, तिच्या संमतीने काढतात. तिला नको असेल तर बाळंतपणापर्यंत थांबता येते. शेवटच्या महिन्यांत विमान कंपन्या गरोदर बाईला घेत नाहीत, हेही त्याच वेळी मोजावे.

परंतु तपासणी फार लवकर करणेही बरे नाही. स्थलांतराचा व्हिसा जास्तीत जास्त सहा महिन्यांचा असतो, आणि तपासणीची मुदत त्याआधी संपत असेल तर व्हिसाही त्याआधीच संपतो. तपासणी जितकी आधी केली, तितके तुमच्या व्हिसाचे आयुष्य तुम्हीच खाल्ले. मुलाखतीची तारीख हातात आल्यावर आणि मुलाखतीच्या दोन-चार आठवडे आधी हा मधला काळ आम्हांला बरा वाटतो. छातीविषयी शंका असेल त्यांनी मात्र त्याआधी आपल्या डॉक्टरला दाखवून घ्यावे.

यापुढची गोष्ट थोडी सावकाश सांगतो, कारण ती फार थोड्यांना ठाऊक असते आणि बाईच्या दृष्टीने तिच्यात मोठा जीव आहे. अमेरिकेत पहिले पाऊल ठेवण्याच्या दिवशी लग्नाला दोन वर्षे पुरी झालेली नसतील, तर मिळणारे ग्रीन कार्ड सशर्त असते; दोन वर्षांचे. ती दोन वर्षे संपण्याच्या आधीच्या नव्वद दिवसांत नवरा-बायकोने मिळून, आमचा संसार खरोखर चालू आहे, असा अर्ज करायचा, पुरावे द्यायचे, पुन्हा फी भरायची. तेव्हा शर्त निघते. लग्नाला दोन वर्षे पुरी झालेली असतील तर शर्तच नाही. सरळ दहा वर्षांचे कार्ड. आणि ही दोन वर्षे मोजायची ती व्हिसा मिळाल्याच्या दिवसापर्यंत नव्हे, मुलाखतीच्या दिवसापर्यंत नव्हे. तेथल्या विमानतळावर अधिकाऱ्याने आत घेतले त्या दिवसापर्यंत.

म्हणजे असे पाहा. लग्न १० जूनला झाले. व्हिसा दुसऱ्या वर्षी मार्चअखेर हातात आला आणि ऑगस्टपर्यंत चालणार आहे. मे महिन्यात गेली, तर शर्त. जूनच्या मध्यावर गेली, तर शर्त नाही. तीन-चार आठवड्यांचा फरक. या तीन-चार आठवड्यांनी काय होते? संसार चांगला असेल तर एक अर्ज वाचतो, फी वाचते, एवढेच. पण आम्ही कामगारांत काम करणारी माणसे, चांगला मालक धरून करार लिहीत नाही. वाईट मालक आला तर काय, हे धरून लिहितो. नवरा वाईट निघाला, आणि बायकोचे त्या देशातले राहणे त्याच्या सहीवर टांगलेले असले, तर ती सही हे त्याच्या हातातले हत्यार होते. 'सही करणार नाही, परत जा' हे वाक्य किती बायकांनी ऐकले असेल, ते ज्यांनी ऐकले त्यांनाच ठाऊक. छळ झाला किंवा घटस्फोट झाला तर एकटीने अर्ज करण्याची सवलत तेथल्या कायद्यात आहे, हे प्रत्येक मुलीला येथून निघण्यापूर्वी सांगितले पाहिजे. पण सवलत मागून सिद्ध करीत बसण्यापेक्षा शर्तच नसणे बरे. म्हणून दुसरा वाढदिवस व्हिसाच्या मुदतीत पडत असेल, तर आमचा सल्ला असा, की तो उलटून जाऊ द्यावा आणि मग विमानात बसावे. व्हिसावर सशर्ताची खूण छापलेली असली तरी विमानतळावर विवाहाचा दाखला दाखवून अधिकाऱ्याच्या हे नजरेस आणावे. तो वाढदिवस सहा-आठ महिने दूर असेल तर मात्र त्यासाठी थांबू नये. मुदत संपवून बसलेला व्हिसा पुन्हा मिळवायचा तर फी, तपासणी, सारे पुन्हा आले.

मुदतीची गोष्ट निघाली म्हणून २०२० सालची आठवण द्यायला हवी. त्या मार्चमध्ये वकिलातींची नेहमीची कामे बंद झाली, आपली आंतरराष्ट्रीय विमाने बंद झाली. ज्यांच्या हातात व्हिसा होता त्यांचे दिवस घरात बसून संपत गेले. एप्रिलमध्ये अमेरिकेच्या अध्यक्षांनी जी घोषणा केली तीत नागरिकांच्या बायका-नवऱ्यांना सूट होती, ग्रीन कार्डवाल्यांच्या नव्हती. ती फेब्रुवारी २०२१ मध्ये उठली. त्या काळात ज्यांनी नोकरी टिकवली होती, भाड्याची खोली सोडली नव्हती, त्यांचे निभावले. ज्यांनी सामान वाटून टाकले होते ते नातलगांच्या घरी सतरंजीवर झोपले. अशी साथ रोज येत नाही. पण खिडकीपलीकडचे नियम एका रात्रीत बदलू शकतात, हे त्या वर्षी सर्वांनी पाहिले.

सामान वाटून टाकणे, निरोपाचा समारंभ, माहेरची ओटी, यांविषयी दोन शब्द बोलले पाहिजेत. आपल्या समाजात तारीख कळली की ती गावाची होते. आत्या विचारते, शेजारी विचारतात, दुकानदार विचारतो. घरच्यांना उत्तर द्यावे लागते आणि उत्तर देता देता ते त्या उत्तराचे कैदी होतात. कार्यालय ठरते, पत्रिका जातात, आणि मग समारंभाची तारीख चुकू नये म्हणून तिकीट निघते. कागदाच्या मागे माणसाने जायचे, तर येथे कागदाला समारंभाच्या मागे ओढायचा प्रयत्न चालतो. आम्ही घरच्या मंडळींना एक वाक्य शिकवतो : 'पासपोर्ट परत आला की कळवू.' तेवढेच बोलावे. सासरच्यांचाही जाच असतो. 'मुलगा तिकडे उपाशी, आणि ही इथे नोकरी करत बसली' असे बोलणे ऐकू येते. तिची नोकरी हा तिचा आणि तुमच्या मुलाचाही आधार आहे, हे सासऱ्यांना समजावण्यासाठी आम्ही स्वतः दोन घरी जाऊन आलो आहोत. एका घरी चहा मिळाला, दुसऱ्या घरी मिळाला नाही.

एक लहानसा पण घात करणारा विषय नावाचा. लग्नात मुलीचे नाव, आडनाव, कधी पहिले नावसुद्धा बदलायची आपल्याकडे रीत. पासपोर्टवर एक नाव, विवाहाच्या दाखल्यावर दुसरे, पदवीवर तिसरे. प्रकरण चालू असताना मध्येच पासपोर्टचे नाव बदलायला जाऊ नये. बदलायचे असेल तर पहिला अर्ज जाण्याआधी बदलावे, नाहीतर तसेच ठेवावे. आणि तिकीट पासपोर्टवरच्या नावाने काढावे, घरात हाक मारतात त्या नावाने नव्हे. आम्हांला हसू नका, हे घडलेले आहे.

आता समजा पासपोर्ट परत आला. पहिल्याने व्हिसावरचे नाव, जन्मतारीख आणि मुदतीचा शेवटचा दिवस वाचावा. मोठ्याने वाचावा, दुसऱ्याने दाखल्यांशी पडताळावा. चूक असेल तर त्याच दिवशी वकिलातीला कळवावे. बरोबर बंद पाकीट दिले असेल तर ते फोडू नये. ते विमानतळावरच्या अधिकाऱ्यासाठी असते. मग तेथल्या स्थलांतर खात्याची कार्डासाठीची फी भरायची. १ एप्रिल २०२४ पासून ती २३५ डॉलर केली आहे. त्यानंतर नोटीस द्यावी, हिशेब मागावा. देश सोडून कायमचे जाणाऱ्याला भविष्यनिर्वाह निधीची सारी रक्कम काढून घेण्याची सोय १९५२ च्या योजनेने ठेवली. व्हिसाची प्रत जोडून तो अर्ज येथे असतानाच करावा, तिकडून सही जुळवत बसणे फार त्रासाचे. आणि मग तिकीट. मुदतीच्या शेवटच्या आठवड्यात प्रवास ठेवू नये. विमान रद्द होते, आजारपण येते, घरात मयत होते. मध्ये विमान बदलायचे असेल तर अमेरिकेतल्या पहिल्या विमानतळावरच सारी तपासणी होते, शेवटच्या नव्हे. तेथे नव्या स्थलांतरितांना वेगळ्या खोलीत बसवतात. पुढच्या विमानाला चार तासांची तरी सवड ठेवावी.

आणि भावाचे लग्न वैशाखात असेल, आजी अंथरुणाला खिळलेली असेल, तर काय करायचे? पुष्कळ मुली त्यासाठी व्हिसाची मुदत घालवायला निघतात. तशी गरज नाही. एकदा आत जाऊन शिक्का पडला की तो व्हिसाच वर्षभर कार्डाचे काम करतो. त्यावर परत येऊन लग्न करून जाता येते. जाण्यायेण्याचे भाडे दुप्पट पडते, तेवढी मात्र ऐपत पाहावी. सहा महिन्यांवर बाहेर राहिले की परतताना प्रश्न विचारतात, आणि वर्षावर राहिले, आधी परवानगी घेतलेली नसली, तर कार्ड धोक्यात येते.

ज्यांच्या घरी असे प्रकरण चालू आहे त्यांनी सायंकाळी सहानंतर आमच्या कचेरीत यावे. नेमणुकीचे पत्र, विवाहाचा दाखला आणि आलेल्या सर्व पत्रांच्या झेरॉक्स प्रती आणाव्यात. मूळ पासपोर्ट आणू नये, तो घरी कपाटात असू द्यावा.